हृदयाचा झटका आणि वेळेचें मोल

ता. ६ मे १९२२ रोजीं राजर्षि शाहू छत्रपति महाराज मुंबईस हृदयविकारानें निवर्तले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४७ वर्षांचें होतें. महाराजांचा देह भव्य व बळकट होता. कुस्तीचा त्यांस विलक्षण शौक होता. कोल्हापूरचें खासबागेचें मैदान हें त्यांनींच बांधविलेलें. परंतु मधुमेहानें त्यांस ग्रासिलें होतें, आणि १९१८ सालीं धाकटे पुत्र शिवाजी यांच्या अपघाती मृत्यूचा घावहि त्यांच्या अंतःकरणावर होता. ज्या सालीं महाराज गेले त्याच सालच्या जानेवारी महिन्यांत कॅनडा देशांतील टोरोंटो शहरीं मधुमेहानें पीडलेल्या एका मुलास इन्सुलिन हें औषध प्रथमच टोंचण्यांत आलें. हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या उघडण्याचा उपाय तर तेव्हां जगांत कोठेंच नव्हता. विश्रांति, वेदना शमविणारें औषध आणि ईश्वराची प्रार्थना, यांपलीकडे थोर थोर डॉक्टरांच्या हातींहि फारसें कांहीं नसे.

विद्यार्थिमित्रहो, हा इतिहास येथें देण्याचें कारण असें कीं, जो उपाय त्या काळीं राजासहि मिळणें शक्य नव्हतें, तो आज हुपरींतील पैंजण घडविणाऱ्या साध्या कारागिरास मिळूं शकतो. मात्र त्यास एक अट आहे. ती अट पैशाची नाहीं, ओळखीपाळखीची नाहीं. ती वेळेची आहे. झटका आल्यापासून कांहीं तासांच्या आंत जो रुग्णालयांत पोहोंचला त्यास नव्या विद्येचा लाभ होतो. जो घरींच पडून राहिला त्याची स्थिति १९२२ सालच्या रुग्णाहून फारशी निराळी नसते. ही गोष्ट प्रत्येक घरांत समजली पाहिजे, म्हणून हा लेख विद्यार्थ्यांनीं स्वतः तर वाचावाच, पण घरीं आई-वडिलांस व आजी-आजोबांसहि मोठ्यानें वाचून दाखवावा.

हृदय व त्याचें अन्न

आपलें हृदय आपल्या मुठीएवढें असतें. प्रौढ माणसाच्या हृदयाचें वजन सुमारें ३०० ग्रॅम भरतें. तें मिनिटास सुमारें ७२ वेळां आकुंचन पावतें, म्हणजे दिवसास एक लक्षाहून अधिक वेळां. प्रत्येक मिनिटास तें सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें. या हिशेबानें दिवसास ७,००० लिटरांहून अधिक होतात. रक्त हृदयांतून निघून सर्व शरीरांत फिरून पुन्हां हृदयांतच येतें, हें इंग्लंडांतील विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून सिद्ध केलें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत घ्या. हृदयाच्या पोकळींतून एवढें रक्त जातें, तरी हृदयाच्या जाड स्नायूस त्या रक्तांतून आपलें अन्न परस्पर घेतां येत नाहीं. आपल्या गांवीं कारागिराच्या हातांतून वर्षाकांठीं कितीतरी किलो चांदी जाते. परंतु त्याचा संसार त्या चांदीवर चालत नाहीं, त्याच्या मजुरीवर चालतो. हृदयाचेंहि तसेंच आहे. त्याची मजुरी त्यास दोन निराळ्या रक्तवाहिन्यांवाटे पोंचते. हृदयांतून निघणारी जी सर्वांत मोठी वाहिनी, म्हणजे महारोहिणी, तिच्या अगदीं मुळापाशीं एक उजवी व एक डावी अशा दोन शाखा फुटतात. डावीचे लगेच दोन मोठे फांटे होतात. या शाखा हृदयाच्या पृष्ठभागावर वेलीसारख्या पसरतात व प्रत्येक भागास रक्त पोंचवितात. त्यांस हृद्‌रोहिण्या असें म्हणतात. त्यांची रुंदी मुळाशीं सुमारें ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढीच. एवढ्याशा वाटेवर माणसाचें जीवन अवलंबून आहे.

झटका कसा येतो

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, नळांत गाळ साचावा तशी या वाहिनींत चरबी सांचत जाते व एके दिवशीं नळ बुजतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. चरबी साचते ती वाहिनीच्या पोकळींत नव्हे, तर तिच्या भिंतीच्या आंत. धूम्रपान, रक्ताचा वाढलेला दाब, मधुमेह व रक्तांतील कोलेस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ यांच्या योगें भिंतीचें आंतील नाजुक अस्तर बिघडतें आणि चरबी तिच्या आंत शिरून थर बनतो. हा थर तरुणपणींच बनूं लागतो व वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाढतो. माणसास त्याचा पत्ताहि नसतो.

शेतास पाणी देणाऱ्या पाटाचा बांध आंतून उंदरांनीं पोखरलेला असला तरी वरून हिरवागार व धड दिसतो. एके दिवशीं वरचा पातळ थर ढासळतो, माती पाटांत येते आणि पाणी तुंबतें. येथेंहि तसेंच घडतें. चरबीच्या थरावरचें पातळ आवरण अकस्मात् फाटतें. तेथें जखम झाली असें समजून रक्त आपल्या नित्याच्या स्वभावाप्रमाणें गोठूं लागतें. बोट कापलें असतां रक्त गोठतें तें आपल्या रक्षणासाठीं. पण तीच गुठळी ३ मिलिमीटरांच्या वाहिनींत धरली म्हणजे वाट बंद होते. पुढच्या स्नायूस रक्त मिळेनासें होतें. यालाच हृदयाचा झटका म्हणतात.

हा खुलासा समजला म्हणजे दोन कोडीं सुटतात. काल ज्यानें शेतांत दिवसभर काम केलें त्यास आज झटका कसा आला, हें पहिलें कोडें. त्याची वाट काल अरुंद असली तरी उघडी होती. आज गुठळीनें ती बंद केली. दुसरें कोडें असें कीं, घाई एवढी कशासाठीं करावयाची? रक्त बंद होतांच स्नायु एकदम मरत नाहीं. सुमारें अर्ध्या तासानें त्याचा अगदीं आंतील भाग मरूं लागतो, आणि तेथून पुढें कांहीं तासांपर्यंत ही हानि आंतून बाहेर पसरत जाते. उसाच्या फडास एका कोपऱ्याकडून आग लागावी त्याप्रमाणें हें आहे. पहिल्या तासांत विझविली तर बहुतेक फड वांचतो. चार तासांनीं विझविली तर थोडा. दुसरे दिवशीं गेलें तर राख. हृदयाचा मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. त्या जागीं केवळ व्रण उरतो, आणि माणूस जगला तरी त्याचें हृदय कायमचें दुबळें होतें.

झटक्याचीं लक्षणें

छातीच्या मध्यभागीं जड दगड ठेवल्यासारखें वाटणें, आवळल्यासारखें किंवा जळजळल्यासारखें होणें, हें मुख्य लक्षण होय. ही वेदना डाव्या हातांत, दोन्ही हातांत, खांद्यांत, मानेंत, जबड्यांत, पाठींत किंवा पोटाच्या वरच्या भागांत जाऊं शकते. बरोबर दरदरून गार घाम सुटतो, दम लागतो, मळमळतें, ओकारी होते, डोळ्यांपुढें अंधारी येते, जीव घाबरा होतो. वेदना दहा-पंधरा मिनिटांपेक्षां अधिक टिकली किंवा थांबून पुन्हां आली तर ती झटक्याचीच समजून चालावें.

परंतु प्रत्येकाच्या छातींत दुखतेंच असें नाहीं. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेही माणसांत केवळ दम लागणें, विलक्षण थकवा, मळमळ अगर घाम एवढेंच लक्षण असूं शकतें. आमच्याकडील आया-आजी स्वतःचें दुखणें अंगावर काढण्यांत भूषण मानतात. भाकऱ्या झाल्यावर पाहूं, पाहुणे गेल्यावर पाहूं, असें म्हणतां म्हणतां वेळ निघून जाते. म्हणून घरांतील स्त्रीनें सहसा न केलेली तक्रार केली तर ती दुप्पट गंभीर मानावी.

येथें सर्वांत मोठा घातक शब्द कोणता असेल तर तो 'पित्त'. छातींत जळजळलें कीं पित्त झालें, गॅस धरला, असें म्हणून सोडा-लिंबू दिलें जातें, छातीला मलम चोळलें जातें, ओवा चावावयास देतात. पित्तानेंहि जळजळ होते हें खरें. पण हृदयाची वेदना व पित्ताची वेदना यांतील भेद अनुभवी डॉक्टरांसहि केवळ विचारपूस करून सांगतां येत नाहीं, त्यांस हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा लागतो. मग घरच्या माणसांनीं तो अंदाजानें कसा ठरवावा? तपासणीअंतीं पित्तच ठरलें तर आनंद मानावा. कोणीहि हंसणार नाहीं. परंतु झटक्यास पित्त समजून रात्र काढली तर ती चूक दुरुस्त होत नाहीं.

घरीं काय करावें

पहिली गोष्ट, रुग्णास जेथें असेल तेथेंच बसवावें किंवा टेकून पडूं द्यावें. चालवूं नये, जिना चढवूं नये, आणि त्यानें स्वतः मोटारसायकल चालवीत दवाखान्यांत जाऊं नये. अंगावरचे कपडे सैल करावे. खावयास कांहीं देऊं नये.

दुसरी गोष्ट, लगेच १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं सुरू झाली. तिला पैसे पडत नाहींत. आपलें गांव, गल्ली व जवळची खूण स्पष्ट सांगावी. मुलांनीं घरचा पत्ता नीट सांगण्याची संवय आजपासूनच करावी. रुग्णवाहिकेस उशीर होणार असें कळलें तर शेजाऱ्याची मोटार काढावी, पण थांबून राहूं नये. जेथें विद्युत्-आलेख निघतो व हृदयाचे उपचार होतात तेथेंच न्यावें. आधीं एक, मग दुसरा, मग तिसरा असे दवाखाने फिरण्यांत अमोल वेळ जातो.

तिसरी गोष्ट ॲस्पिरिनची. ही जुनी व स्वस्त गोळी रक्ताची गुठळी वाढूं देत नाहीं. रुग्ण शुद्धीवर असेल, त्यास ही गोळी सोसत नाहीं असें पूर्वीं आढळलें नसेल, व पोटांतून किंवा अन्यत्र रक्तस्राव होत नसेल, तर डॉक्टरांच्या किंवा १०८ वरील वैद्यकीय सल्ल्यानें ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावयास देतात. दुसऱ्या कोणाच्या नांवें लिहून दिलेल्या गोळ्या जिभेखालीं ठेवूं नयेत. रक्तदाब एकाएकीं उतरून अपाय होण्याचा संभव असतो.

पूर्वीं अडचण अंतराची होती. १८९४ सालीं डॉक्टर वॉन्लेस यांनीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हां दक्षिण महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील रोगी दूरदूरच्या गांवांहून तेथें येत. आज हुपरीहून कोल्हापूर किंवा इचलकरंजी वाहनानें तासाच्या आंत गांठतां येतें. आतां अंतर रस्त्याचें उरलें नाहीं. तें आपल्या मनांतलें आहे. ‘सकाळपर्यंत वाट पाहूं’, ‘पोरगा मुंबईहून येऊं दे’, ‘उगीच खर्च कशाला’, या तीन वाक्यांत जेवढे जीव जातात तेवढे रस्त्यावर जात नसतील.

माणूस कोसळल्यास

कोल्हापुरांतील छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयास सारा जिल्हा 'सीपीआर' म्हणून ओळखतो. योगायोग असा कीं, याच तीन अक्षरांनीं वैद्यकशास्त्रांत एक जीवदान देणारी क्रियाहि ओळखली जाते. तिला मराठींत हृदय-फुप्फुस-संजीवन म्हणतां येईल. तेव्हां कोल्हापूरच्या सीपीआरपर्यंत माणूस जिवंत पोंचावा यासाठीं हा दुसरा सीपीआर जाणणें अवश्य आहे.

झटका व हृदय बंद पडणें या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यांत वाहिनी बंद होते. हृदय चालूच असतें व रुग्ण बहुधा बोलत असतो. परंतु कधीं कधीं त्या झटक्यामुळें हृदयाची ताल-गति बिघडते, तें नुसतें थरथरूं लागतें व रक्त पुढें लोटीनासें होतें. माणूस धाडकन् कोसळतो, हाकेस ओ देत नाहीं, श्वास घेत नाहीं किंवा मधूनच आचके देतो. अशा वेळीं पाणी पाजणें, कांदा हुंगविणें, पायास चोळणें हें सर्व व्यर्थ होय. एकानें १०८ ला कळवावें. दुसऱ्यानें रुग्णास कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताचा मागील भाग व त्यावर दुसरा हात ठेवावा आणि कोंपरें ताठ ठेवून जोरानें दाबावें. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल जावा. मिनिटास १०० ते १२० वेळां द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊं द्यावी. दमल्यास दुसऱ्यानें हात द्यावा, पण थांबूं नये. याप्रमाणें हृदय बाहेरून पिळून मेंदूस रक्त पोंचतें ठेवतां येतें. कांहींच न केल्यास प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा शेंकडा ७ ते १० नें कमी होत जाते.

ही रीत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या तीन संशोधकांनीं १९६० सालीं जगापुढें मांडली. तीस यंत्र लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. दोन हात पुरतात. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं ती शिकलेल्या माणसाकडून बाहुल्यावर शिकून घ्यावी. मात्र धडधाकट माणसाच्या छातीवर तिचा सराव कधींहि करूं नये.

रुग्णालयांतील उपचार

रुग्ण आल्यावर दहा मिनिटांच्या आंत विद्युत्-आलेख काढावा असा दंडक आहे. हृदयांतील सूक्ष्म विद्युत् कागदावर उतरविणारें यंत्र हॉलंडचे आइंथोव्हेन यांनीं घडविलें, व त्याबद्दल त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. वाहिनी पूर्णपणें बंद असेल तर आलेखाची रेघ ठराविक तऱ्हेनें उचललेली दिसते. हें चिन्ह नसेल, तर स्नायूस इजा झाल्यावर रक्तांत उतरणारें ट्रोपोनिन नांवाचें द्रव्य मोजतात. पहिला आलेख कधीं कधीं निर्दोष येतो. म्हणून डॉक्टर थोड्या वेळानें तो पुन्हां काढतात. तेव्हां घरच्यांनीं कंटाळून रुग्णास उठवून नेऊं नये.

पूर्ण बंद झालेली वाट उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, गुठळी विरघळविणारें औषध शिरेंतून देणें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत १७,१८७ रुग्ण घेतले होते. ज्यांस ॲस्पिरिन व स्ट्रेप्टोकायनेज नांवाचें हें औषध या दोहोंपैकीं कांहींच दिलें नाहीं त्यांतील शेंकडा सुमारें १३ जण पांच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें दगावले; ज्यांस दोन्ही दिलीं त्यांतील ८. आतां याहून सुधारलेलीं औषधें आलीं आहेत. हें औषध झटक्यापासून १२ तासांच्या आंत देतात, परंतु पहिल्या दोन-तीन तासांत दिलें तरच त्याचा खरा गुण येतो. त्यानें मेंदूंत रक्तस्राव होण्याचें थोडें भय असतें, म्हणून रुग्णास पूर्वीं पक्षाघात, शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झाला असल्यास तें डॉक्टरांस न विसरतां सांगावें.

दुसरा मार्ग म्हणजे वाहिनी आंतून उघडणें. याचा इतिहास कारागिरांच्या गांवास आवडेल असा आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच दंडाच्या शिरेंतून बारीक नळी सरकवीत हृदयापर्यंत नेली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांचें चित्र घेतलें! पुढें १९५६ सालीं त्यास इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. नंतर आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरानें झ्यूरिक येथें आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतील मेजावर बसून फुगा बसविलेल्या नळ्या हातानें बनविल्या, आणि ता. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं अशा फुग्यानें जिवंत माणसाची अरुंद झालेली हृद्‌रोहिणी प्रथमच रुंद केली. हीच अँजिओप्लास्टी होय. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हां मिटूं नये म्हणून तींत धातूच्या जाळीची बारीक नळी बसवूं लागले. ती, म्हणजे स्टेंट, मनुष्याच्या हृद्‌रोहिणींत प्रथम १९८६ सालीं बसविण्यांत आली. पैंजणाच्या कड्या जुळविणाऱ्या हुपरीकरांस या जाळीची नजाकत सांगावयास नको.

आज ही क्रिया बहुधा मनगटांतील रोहिणीवाटे करतात. छाती उघडावी लागत नाहीं, रुग्ण जागा असतो. अनुभवी हातांनीं वेळेंत होत असेल तर हा मार्ग औषधापेक्षां सरस ठरतो. परंतु तेथें पोंचण्यास दोन तासांहून अधिक लागणार असेल तर आधीं जवळच गुठळीचें औषध द्यावें व मग पुढें न्यावें, असा नियम आहे. ज्यांच्या अनेक वाहिन्या खराब आहेत त्यांस पायांतील शीर किंवा छातींतील रोहिणी घेऊन नवा वळसा काढून देतात. ती बायपास शस्त्रक्रिया होय.

खर्चाची भीति स्वाभाविक आहे. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्यें केंद्र सरकारनें स्टेंटच्या किंमतीस मर्यादा घातली. औषध-लेपित स्टेंट, जो पूर्वीं लाखाच्या पुढें विकला जाई, तो त्या वेळीं सुमारें ३०,००० रुपयांवर आणण्यांत आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांत अशा उपचारांचा भार शासन उचलतें. तेव्हां शिधापत्रिका व ओळखपत्र घरांत एका ठरलेल्या जागीं ठेवावें; तें शोधण्यांत अर्धा तास जाऊं नये.

एक गोष्ट नेहमीं विसरतात. वाहिनी उघडली म्हणजे रोग गेला असें नाहीं. एक बंद वाट मोकळी झाली एवढेंच. रक्त पातळ ठेवणाऱ्या, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्या पुढें नियमानें घ्याव्या लागतात. बरें वाटतें म्हणून त्या आपल्या मतानें सोडल्यास नव्या जाळींतच गुठळी धरण्याचा धोका असतो.

झटका येऊंच नये म्हणून

भारतांत जन्मलेल्या डॉक्टर सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालीं ५२ देशांत झालेलें एक संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. पहिल्या झटक्यांपैकीं शेंकडा सुमारें ९० झटक्यांच्या मुळाशीं नऊच कारणें आहेत, असें त्यांत आढळलें: धूम्रपान, रक्तांतील स्निग्ध पदार्थांचें बिघडलेलें प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मनावरील ताण, फळें-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य यांसंबंधीच्या संवयी. याच संशोधनांत असेंहि दिसलें कीं, आपल्या दक्षिण आशियांतील लोकांस पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं येतो, तर इतर देशांत सुमारें ५९ व्या वर्षीं. म्हणजे मुलें शिकत असतात, मुलीचें लग्न व्हावयाचें असतें, कर्ज फिटावयाचें असतें, नेमक्या त्याच काळांत कर्ता माणूस पडतो.

चांदीचें काम बहुतेक एका जागीं बसून, मान खालीं घालून करावयाचें. त्याच्या जोडीस बिडी, मावा, तंबाखू आली म्हणजे हृदयावर दुहेरी भार पडतो. तंबाखू ओढली काय अन् चघळली काय, ती रक्तवाहिन्यांची वैरीणच. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. पण बंदी दुकानावर घालतां येते, तोंडावर ज्याची त्यानेंच घालावी लागते. यांत आशेची गोष्ट अशी कीं, धूम्रपान सोडल्यापासून एका वर्षांत त्यामुळें वाढलेला हृदयरोगाचा धोका सुमारें निम्म्यावर येतो.

रोज निदान अर्धा तास झपझप चालावें. मीठ दिवसास ५ ग्रॅमपेक्षां, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षां, कमी खावें. लोणचें, पापड व फरसाण यांतील मीठहि त्यांतच धरावें. तळलेलें थोडें, भाजी-डाळ-फळें अधिक. झणझणीत तांबड्या रश्श्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं, पण त्यावरची तेलाची तर्री वाटीभर पिणें हें शौर्य नव्हे. तिशी उलटल्यावर रक्तदाब व रक्तांतील साखर वेळोवेळीं तपासून घ्यावी. कारण हे दोन्ही रोग दुखत नाहींत, आणि न दुखणाऱ्या रोगासच माणूस फसतो. 'मी तालमींत घाम गाळलेला आहे, मला कांहीं होत नाहीं,' असें कोणी म्हणूं नये. हजारों हृदयें हातांत घेणारे मुंबईचे नामांकित हृदयशल्यविशारद डॉक्टर नितू मांडके हेहि ता. २२ मे २००३ रोजीं हृदयाच्या झटक्यानेंच गेले. बळ, विद्या, वैभव यांपैकीं कोणाचीहि हा रोग भीड धरीत नाहीं.

विद्यार्थ्यांचें कर्तव्य

आतां शेवटीं दोन शब्द मुलांसाठीं. घरांत मोठी माणसें असतांना मुलांनीं बोलूं नये, ही आपली रीत चांगली आहे. पण या एका प्रसंगीं ती मोडण्यास हरकत नाहीं. वडिलांच्या छातींत दुखतें आहे, अंगास गार घाम आला आहे, व सगळे पित्त म्हणत आहेत, असें दिसलें तर नम्रपणें पण ठामपणें म्हणावें, 'अण्णा, पित्त असलें तर परत येऊं. पण आत्तांच जाऊन आलेख काढून घेऊं या.' तेवढ्यावर कोणी ऐकलें नाहीं तर स्वतः १०८ फिरवावा. पालकांसहि विनंति आहे कीं, लेकरानें असें म्हटलें तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नये.

वाटेंत जखमी होऊन पडलेल्या अनोळखी माणसाची जखम बांधून त्यास आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेंत नेणारा तो भला शोमरोनी आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यापूर्वीं दोघे शिकलेसवरलेले त्याच वाटेनें गेले होते. त्यांसहि तो पडलेला मनुष्य दिसला होता. शोमरोन्यापाशीं अधिक ज्ञान नव्हतें. तो थांबला व त्यानें त्याच क्षणीं हात लावला, एवढाच फरक. हृदयाच्या झटक्यांत शेजाऱ्याच्या, गुरुजींच्या किंवा बापाच्या कामीं पडावयाचें तें याच गुणानें. शरीर ही देवानें आपणांजवळ ठेवलेली ठेव आहे. ती स्वतःची असो वा दुसऱ्याची, तिची राखण करणें हा आपला धर्म होय.